सन फोटोमीटर पारखताना दुपारचा फुगवटा पाहा

सन फोटोमीटर थेट सूर्यावर रोखलेला असतो आणि हवेतील धूळ, धूर व क्षारकणांनी उन्हाचा किती भाग वाटेतच अडवला, हे ठरावीक तरंगलांबींवर मोजतो. या मापाला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी म्हणतात. उपकरण पारखताना आधी हे विचारावे, की वातावरणच नसते तर त्याने किती सिग्नल दाखवला असता. हा आकडा चुकला, की पुढचे सगळेच चुकते.

सूर्य चढत जाताना घेतलेल्या नोंदींवरून तो काढण्याची लँग्ली पद्धत सकाळभर हवा जशीच्या तशी राहील, असे गृहीत धरते. पुण्यात हिवाळ्यातल्या रहदारीत आणि शेकोट्यांच्या धुरात अशी सकाळ क्वचितच लाभते. ॲरोनेट या नासाच्या जगभरच्या सन फोटोमीटर जाळ्याची संदर्भ उपकरणे हवाईतील मौना लोआसारख्या उंच पर्वतावर (सुमारे ३४०० मीटर) नेली जातात, ती याचसाठी. म्हणून शहरात काढलेल्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही. आपले उपकरण कॅलिब्रेट केलेल्या उपकरणाशेजारी ठेवून काही निरभ्र दिवस एकाच वेळी नोंदी घ्याव्यात. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ॲरोनेटचे केंद्र आहे आणि त्याच्या नोंदी खुल्या आहेत, त्यामुळे शेजारी उपकरण नसले तरी ढोबळ ताळा घेता येतो.

आता दोन्ही एओडींमधील फरकाला त्या वेळच्या एअर मासने, म्हणजे सूर्य डोक्यावर असतानाच्या तुलनेत ऊन किती पट हवेतून आले त्या आकड्याने, गुणावे. गुणाकार सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळपास तोच राहिला, तर दोष वातावरणाविना सिग्नलच्या त्या मूळ आकड्यातच आहे. तो एक टक्का जास्त धरला गेला असेल, तर सूर्य डोक्यावर असताना एओडी ०.०१ ने वाढते, सूर्य ३० अंशांवर असताना मात्र ०.००५ नेच, त्यामुळे आलेखात रोज दुपारी फुगवटा दिसतो. एखाद्या दिवशी तो खरा असू शकतो, पण चार स्वच्छ दिवस तसाच आला तर तो हवेचा नाही. जागतिक हवामान संघटनेच्या निकषानुसार ९५ टक्के फरक ०.००५ अधिक ०.०१० भागिले एअर मास या मर्यादेत हवेत.

हवेच्या रेणूंनी अडवलेले ऊन दाबावरून वजा केले जाते, म्हणून हवेचा दाब भरायला विसरू नये. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने समुद्रसपाटीचा दाब धरल्यास ४४० नॅनोमीटरला एओडी अंदाजे ०.०१५ ने कमी निघते.

एओडी अचानक सगळ्याच तरंगलांबींवर सारखी वाढली, तर आधी काचेवरची धूळ पाहावी आणि मग काचेपुढच्या नळीत टॉर्च मारावा. कोळ्याचा एखादा तंतूही सिग्नल कमी करतो. नळी स्वच्छ असेल, तर उंचावरच्या पातळ सिरस ढगाची शंका घ्यावी आणि आकाश निवळेपर्यंत त्या नोंदी बाजूला ठेवाव्यात.