अंतराळवीर व्हायचंय? आधी पाण्यातले सहा तास समजून घ्या

अंतराळवीर ज्या तलावात स्पेसवॉकचा, म्हणजे यानाबाहेर पडून अवकाशात काम करण्याचा, सराव करतात, तिथे मी काही वर्षं पाणबुड्या म्हणून काम केलं. या वाटेला येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, पदवी कोणती घ्यावी? नासाच्या २०२४ च्या भरतीत अमेरिकेचं नागरिकत्व, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितासारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि ३ वर्षांचा कामाचा किंवा १००० तास विमान चालवण्याचा अनुभव मागितला होता. एवढं असलेली माणसं हजारोंनी असतात. २०२१ साली १२ हजारांहून जास्त अर्जांतून १० जण घेतले गेले. म्हणून विषय असा निवडा, की निवड झाली नाही तरी त्यात जन्म काढायला आवडेल.

मला खरं सांगायचंय ते पाण्यातलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा सरावाचा तलाव ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल आहे. स्पेससूट घातलेला माणूस पाण्यात बुडू नये, तरंगू नये आणि आपोआप कलूही नये, अवकाशातल्यासारखा अधांतरी राहावा, म्हणून आम्ही त्याच्या छातीवर, पायांवर वजनं आणि फोमचे तुकडे लावत, काढत राहतो. पण सूटच्या आत गुरुत्वाकर्षण असतंच. डोकं खाली करून काम करायची वेळ आली, की सगळं अंग खांद्यांवर येतं आणि चेहरा लालबुंद होतो.

सर्वात जास्त दमतात ते हात. सूटमधल्या दाबामुळे हातमोजा गच्च हवा भरलेल्या चेंडूसारखा ताठ होतो. मूठ वळायची म्हणजे दर वेळी तो चेंडू दाबायचा, असं जवळजवळ सहा तास. काहींची नखं बोटापासून सुटतात. सराव संपल्यावर साधी बाटली उघडता येत नाही, असे हात मी पाहिलेत.

एकदा एका उमेदवाराकडून अवजार निसटू नये म्हणून बांधायची दोरी अडकवायची राहिली. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. त्याने स्वतःच रेडिओवर सांगितलं, "दोरी लावायची राहिलीय, मागे जातोय." आवाज जराही बदलला नाही. पाण्यात सुटलेली वस्तू तळाशी सापडते, वर अवकाशात ती कायमची जाते. २००८ साली अंतराळ स्थानकाबाहेर अवजारांची अख्खी पिशवी अशीच हातची गेली. आणि जुलै २०१३ मध्ये स्पेसवॉक करताना अंतराळवीर लुका पार्मिटानो यांच्या हेल्मेटमध्ये पाणी साचू लागलं, तेव्हा डोक्यामागे ओल जाणवल्याचं त्यांनी लगेच कळवलं. काही बिघडलं की तिथल्या तिथे, शांतपणे बोलून दाखवणं, ही सवय मला कुठल्याही पदवीपेक्षा मोलाची वाटते. ती आत्तापासून लावून घ्या. प्रयोगशाळेत आकडा चुकला तर कुणी विचारायच्या आधी सांगा.

वाट पाहायचीही तयारी हवी. नासाचे अंतराळवीर क्लेटन अँडरसन यांची निवड पंधराव्या अर्जाला झाली. सुनीता विल्यम्स १९९८ मध्ये निवडल्या गेल्या आणि २००६ मध्ये पहिल्यांदा अवकाशात गेल्या. मधली वर्षं रशियन भाषा, यंत्रणांचा अभ्यास, दुसऱ्यांच्या मोहिमांना मदत, यांत जातात. त्या कामात जीव रमत नसेल, तर हा पेशा फार जड जाईल.

पोहता येत नसेल तर लगेच शिका. नासाच्या नव्या उमेदवारांना सुरुवातीलाच उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून ७५ मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं पाण्यात उभ्याने तरंगावं लागतं. अंगावर भिजलेलं कापड काय ओढतं, ते एकदा अनुभवून बघा, पण काठावर जीवरक्षक असतानाच.