क्रोमप्लेटिंगच्या जुन्या जागेवरील माती-पाण्याचे नमुने कसे घ्यावेत

औद्योगिक वसाहतीतील बंद पडलेल्या क्रोमप्लेटिंग कारखान्याची जागा तपासायची असेल, तर पहिल्या दिवशी फावड्याला हातही लावू नये. टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कोणत्या नालीतून जाई आणि गाळ कुठे टाकला जाई, हे जुन्या कामगारांना व शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून कच्च्या नकाशावर मांडावे. भिंतीच्या पायथ्याशी किंवा मातीवर पिवळी बुरशीसारखी खार दिसली, तर ती जागा नकाशावर आधी यावी, कारण षट्संयुजी क्रोमियमचे, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचे, क्षार पिवळे असतात. उताराच्या वरच्या, कारखान्याचे पाणी कधीच न पोचलेल्या जागेचाही एक नमुना घ्यावा. त्याच्याशी तुलना केल्याखेरीज बाकीच्या आकड्यांना अर्थ येत नाही, कारण आपल्या बेसाल्टच्या मातीत नैसर्गिक क्रोमियम असतेच.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सांडपाणी त्या भेगांतून थेट मुरमापर्यंत उतरते. म्हणून केवळ वरची माती खरवडून भागत नाही. ० ते १५ सेंटिमीटर, १५ ते ६० सेंटिमीटर आणि त्याखालचा मुरूम असे थर वेगवेगळे ठेवावेत. डाग पडलेली माती चांगल्या मातीत मिसळून सरासरी नमुना केला, तर नेमका दोषच त्यात विरून जातो. क्रोमचा मुलामा दिलेली अवजारे वापरू नयेत आणि प्रत्येक खड्ड्यानंतर ऑगर (माती काढण्याचा गिरमिट) धुऊन घ्यावा.

बोअरच्या नळीत साचून राहिलेले पाणी भूजलाची खरी स्थिती दाखवत नाही. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये १० मीटर पाणी उभे असेल, तर ते सुमारे १७७ लिटर भरते. त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण ५३० लिटर उपसल्यावर आणि सामू व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच बाटली भरावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर असे दोन वेळा नमुने घेणे उत्तम.

सर्वाधिक चुका बाटलीत होतात. एकूण धातूंसाठीच्या बाटलीत सामू २ च्या खाली येईपर्यंत नायट्रिक आम्ल घालतात. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत ते घातले, तर पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांमुळे त्याचे कमी घातक त्रिसंयुजी रूप होते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. त्यामुळे ही दुसरी बाटली आम्लाविना, जागेवरच गाळून, बर्फपेटीत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागेचा दुसरा नमुना) आणि तुलनेसाठी शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली सोबत द्यावी. जागा, खोली, वेळ, घेणाऱ्याचे नाव आणि बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे त्याच क्षणी पुसले न जाणाऱ्या शाईने लिहावे.

कारखाना चालू असून कारवाई हवी असेल, तर सांडपाण्याचा नमुना १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील कलम २१ नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच विहित रीतीने घ्यावा लागतो. आपला नमुना तक्रारीला बळ देतो, एवढेच.

पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. मात्र शेजारच्या विहिरीचे पाणी पिवळसर दिसत असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्या घरी जाऊन ते पिणे थांबवायला सांगावे आणि हेही आवर्जून सांगावे की पाणी उकळल्याने क्रोमियम जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते.