लिनक्समध्ये डिस्कला कायमच्या नावाने कसे ओळखावे

लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावे डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. संगणक सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ज्या क्रमाने डिस्क सापडतात, त्या क्रमाने ती वाटली जातात. नवी डिस्क जोडली, केबल दुसऱ्या पोर्टात गेली किंवा एखादा ड्रायव्हर उशिरा लोड झाला, तर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कच्या क्रमांकांचाही भरवसा धरता येत नाही. अशा नावावर विसंबलेल्या स्क्रिप्टने भलतीच डिस्क फॉरमॅट केली, तर ते नुकसान सहसा भरून येत नाही.

यावरचा उपाय यंत्रणेत आधीपासूनच आहे. यूडेव्ह (उपकरणांची नावे सांभाळणारा लिनक्सचा भाग) प्रत्येक डिस्कसाठी यूयूआयडी (फाइल सिस्टिमला मिळालेला स्वतंत्र ओळखक्रमांक), लेबल, आयडी आणि पाथ यांवर आधारित पर्यायी नावे तयार ठेवतो. फाइल सिस्टिम माउंट करण्यासाठी, म्हणजे वापरासाठी फोल्डरांच्या रचनेत जोडण्यासाठी, यूयूआयडी वापरावा. एलएसबीएलके ही आज्ञा एफ पर्यायासह चालवली की तो दिसतो. रेड (अनेक डिस्कचा एकत्रित संच) रचताना किंवा संपूर्ण डिस्कवर काम करताना मात्र मॉडेल व अनुक्रमांक असलेले आयडी-नाव घ्यावे, कारण ते डिस्कवरच्या छापील लेबलशी ताडून पाहता येते. पाथ-नाव पोर्टाशी बांधलेले असल्याने डिस्क हलवताच बदलते. लेबल वाचायला सोपे असते, पण दोन डिस्कना एकच लेबल देण्यापासून कोणी अडवत नाही. शिवाय ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये लेबलची मर्यादा 16 बाइटांची आहे आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह व मात्रा 3 बाइट घेते, म्हणजे जेमतेम पाच चिन्हे मावतात.

आता एफएसटॅब फाइलची (सुरू होताना काय माउंट करायचे याची यादी असलेल्या फाइलची) प्रत काढून ठेवावी आणि पहिल्या रकान्यातील जुन्या नावाच्या जागी यूयूआयडी लिहावा. जी डिस्क नेहमी जोडलेली नसते, तिच्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय अवश्य द्यावा. अन्यथा सिस्टिमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सामान्यतः 90 सेकंद वाट पाहून आपत्कालीन मोडमध्ये जातो. रीस्टार्ट करण्यापूर्वी फाइंडमाउंट आज्ञा व्हेरिफाय पर्यायासह चालवून फाइल तपासावी, म्हणजे टंकनातली चूक तिथेच सापडते.

विभाजन पुन्हा फॉरमॅट केले की यूयूआयडी बदलतो, तेव्हा ही नोंदही बदलावी लागते. उलट, डीडी या आज्ञेने केलेल्या क्लोनमध्ये (डिस्कच्या हुबेहूब प्रतीत) तोच यूयूआयडी जसाच्या तसा उतरतो आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्यास कोणती माउंट होईल हे सांगता येत नाही. म्हणून ईएक्सटी4 क्लोनला, तो माउंट करण्यापूर्वीच, ट्यून2एफएस या आज्ञेने नवा यूयूआयडी द्यावा.