संशोधनाचे सादरीकरण: पदवीच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

छोट्या कॉलेजात सगळे सगळ्यांना ओळखतात. एरवी ही मोठी सोय असते, पण संशोधनाच्या सादरीकरणाला नेमकी तीच नडते. विषय सुचवणाऱ्या मॅडमच रंगीत तालमीला बसतात, वर्गातले मित्र टाळ्या वाजवतात, फादर किंवा पाळकसाहेब कौतुक करतात. पहिला अवघड प्रश्न येतो तो बाहेरून आलेल्या परीक्षकाकडून, आणि तोही भरल्या सभागृहात. मग दोष घबराटीला दिला जातो, नाहीतर प्रोजेक्टरला. खरी चूक बहुतेक वेळा दोन महिने आधीच होऊन गेलेली असते. नाशिकमधल्या एखाद्या लहान ख्रिस्ती महाविद्यालयात पदवीचा प्रकल्प मांडताना हमखास होणाऱ्या चुका पुढे दिल्या आहेत.

विषय आहे, प्रश्नच नाही

‘शरणपूरचा इतिहास’, ‘गोदावरीचे प्रदूषण’, ‘कांदा उत्पादकांच्या समस्या’. हे विषय झाले, संशोधनाचे प्रश्न नव्हेत. शरणपूरचेच घ्या. चर्च मिशनरी सोसायटी या ब्रिटिश मिशनसंस्थेने नाशिकजवळ वसवलेली वस्ती, गुलामगिरीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुले, नाशिकच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट, त्याने आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी शोधप्रवाशाच्या शवासोबत केलेला लंडनपर्यंतचा प्रवास आणि १८ एप्रिल १८७४ चा वेस्टमिन्स्टर ॲबीतला अंत्यविधी. गोष्ट इतकी रंगतदार आहे की दहापैकी सहा स्लाइड तीच खाते. शेवटी परीक्षक विचारतात, “यात तुम्ही काय शोधलंत?” आणि उत्तर सापडत नाही.

प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहून काढा. त्याचे उत्तर ‘नाही’ येऊ शकत असेल तरच तो प्रश्न खरा. उदाहरणार्थ, १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमधले शरणपूरचे वर्णन आणि त्याच काळातल्या चर्चच्या नोंदवहीत दिसणारे लोकांचे व्यवसाय एकमेकांशी जुळतात का? हे दहा मिनिटांत मांडता येते आणि पदवीच्या विद्यार्थ्याला झेपतेही. गॅझेटियर वापरताना एवढे ध्यानात ठेवा की ते ब्रिटिश प्रशासनाने स्वतःच्या कामासाठी लिहून घेतलेले आहे आणि नाशिक जिल्हाच मुळी १८६९ मध्ये झाला. त्याआधीचे आकडे ‘नाशिक जिल्ह्याचे’ म्हणून सरळ शेजारी ठेवू नका.

आणखी एक. चर्च मिशनरी सोसायटीचे मूळ दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तुम्ही ते पाहिलेले नसेल आणि त्यातला उतारा दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून उचलला असेल, तर संदर्भ त्या पुस्तकाचाच द्या. न पाहिलेल्या कागदाचा संदर्भ देणे ही चूक परीक्षक एका प्रश्नात उघडी पाडतात: “कागदाचा रंग कसा होता हो?”

चर्चच्या नोंदवह्या आणि मंडळीतले (चर्चच्या सभासदांतले) फॉर्म

ख्रिस्ती कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना एक साधन सहज मिळते, जे इतरांना मिळत नाही: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या. याच साधनावर सर्वांत जास्त घसरगुंडी होते.

बाप्तिस्म्याच्या शंभर नोंदी म्हणजे शंभर धर्मांतरे नव्हेत. अँग्लिकन आणि कॅथलिक परंपरेत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात, त्यामुळे ख्रिस्ती घरात जन्मलेले मूलही त्याच वहीत येते. आधी वयाचा रकाना पाहून बालबाप्तिस्मे आणि प्रौढांचे बाप्तिस्मे वेगळे मोजा. मग गावाचा रकाना पाहा, कारण आसपासच्या खेड्यांतली कुटुंबेही शहरातल्या चर्चमध्ये नोंद करायला येऊ शकतात. वय किंवा गाव लिहिलेले नाही अशा नोंदी किती, तेही मोजून स्लाइडवर द्या. त्या गाळून टक्केवारी काढली की आकडा छान दिसतो आणि चुकतो.

परवानगी लेखी घ्या आणि वही हातात घेण्यापूर्वी घ्या. “आमच्याच चर्चची आहे, विचारायचं काय” असे म्हणून फोनवर पाने टिपली जातात आणि जिवंत माणसांची नावे पडद्यावर झळकतात. अलीकडच्या नोंदींतून फक्त संख्या उचला, नावे नकोत.

मुलाखतीतही हाच घोटाळा होतो. ‘उत्तरदात्री क्र. ४: ५२ वर्षे, निवृत्त शिक्षिका, शरणपूर रोड, चर्चच्या गायनवृंदात’ असे लिहिले की नाव झाकून काय उपयोग? सभागृहातला निम्मा समाज त्यांना ‘बाई’ म्हणून हाक मारणारा असतो. वयोगट द्या (५० ते ६०), व्यवसाय मोघम ठेवा, पत्ता काढून टाका.

आता फॉर्मविषयी. रविवारच्या उपासनेनंतर दारात उभे राहून ४० फॉर्म भरून घेतले, त्यात ३८ जणांनी ‘मी नियमित उपासनेला येतो’ यावर खूण केली, आणि निष्कर्ष आला की ‘नाशिकचे ९५ टक्के ख्रिस्ती नियमित उपासनेला जातात’. जे आलेच नव्हते त्यांना विचारणार कोण? शिवाय एका मंडळीचे लोक म्हणजे शहरातला ख्रिस्ती समाज नव्हे. कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आणि स्वतंत्र मंडळ्यांचे लोक वेगवेगळे आहेत. दुरुस्ती सोपी आहे. वेळ नसेल तर दावा लहान करा: ‘एका मंडळीत, एका रविवारी आलेल्या ४० जणांचे मत’. परीक्षक यावर गुण कापत नाहीत. ते मोठ्या दाव्यावर कापतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या गूगल फॉर्मची गत हीच. शिवाय १५ जणांपैकी ७ जणांचे ‘४६.६७ टक्के’ करू नका. माणसे तीसपेक्षा कमी असतील तर सरळ ‘१५ पैकी ७’ लिहा.

पाण्याच्या बाटल्या, कांद्याचे भाव

विज्ञान शाखेचा आवडता प्रकल्प म्हणजे गोदावरीचे पाणी. रामकुंडावरून सकाळी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरायचे, दिवसभर दप्तरात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण बाटलीतले जिवाणू दरम्यान ऑक्सिजन वापरत राहतात. हा ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही द्रावणे घाटावरच, हवेचा बुडबुडा न राहता घालायची असतात. बाटली काचेची, घट्ट बुचाची हवी. बीओडीसाठीचा (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या मापासाठीचा) नमुना बर्फाच्या डब्यातून आणायचा. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस करतात, तर परदेशी पुस्तकांत २० अंशांवर ५ दिवस असते. तुम्ही कोणती केली ते स्लाइडवर लिहा, नाहीतर तुलना करता येत नाही.

आकडा शक्य आहे का, हेही एकदा पाहा. २५ अंशांना समुद्रसपाटीवर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे त्याहून कमीच. तक्त्यात १४ दिसत असेल तर एकतर भर उन्हात शेवाळाने भरलेल्या डबक्यातला नमुना आहे, नाहीतर टायट्रेशन चुकले आहे. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष ऑक्सिजन किमान ५ आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर असा आहे. आलेखात या दोन आडव्या रेषा काढल्या की अर्धे बोलणे वाचते.

वाणिज्य आणि अर्थशास्त्रवाले लासलगावच्या भावांकडे वळतात. तिथे लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच सरासरीत घालणे ही पहिली चूक. उन्हाळ चाळीत टिकतो, लाल टिकत नाही, म्हणून दोघांच्या भावाचे वागणे वेगळे. दुसरी चूक म्हणजे आवक न पाहता काढलेली साधी सरासरी. ज्या दिवशी २ हजार क्विंटल आले आणि ज्या दिवशी २० हजार आले, त्या दोन्ही दिवसांचे वजन सारखे कसे? आणि तिसरी, जिने चांगले प्रकल्प बुडतात: जानेवारी २०२४ चे भाव आधीच्या वर्षाशी ताडून पाहायचे आणि डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यातबंदी होती याचा उल्लेखच नाही.

दहा मिनिटांचा हिशेब

सावकाश, स्पष्ट मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलून होतात. बोलायला ८ मिनिटे आणि प्रश्नांना २ असतील तर लेखी मजकूर ९०० शब्दांच्या आत हवा. त्यात ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय प्राचार्य, पूज्य फादर, परीक्षक महोदय आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो’ याला वीस सेकंद जातात. सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावे घेतलेली असतात. एक नमस्कार पुरे.

पार्श्वभूमीसह प्रश्न दीड मिनिटात, पद्धत दोन मिनिटांत, निष्कर्ष चार मिनिटांत. उरलेला वेळ मर्यादांसाठी. बहुतेकांचे उलटे होते: पार्श्वभूमीला पाच मिनिटे, आणि घंटा वाजल्यावर निष्कर्षांच्या स्लाइड पळवत नेणे. मधली स्लाइड गाळा, पण निष्कर्षाची गाळू नका.

ख्रिस्ती कॉलेजात एक मोह जास्त असतो. शेवटची स्लाइड साक्षीकडे (स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगण्याकडे) किंवा प्रवचनाकडे वळते आणि पवित्र शास्त्रातले वचन निष्कर्षाच्या जागी येऊन बसते. वचन घालायचेच तर ऋणनिर्देशात घाला. आकड्यांतून जे निघाले तेच निष्कर्षात.

फॉन्ट मोडला, फ्लेक्स ताणला

घरच्या संगणकावर नीट दिसणारा मराठी मजकूर सभागृहातल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. कारण मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला असतो आणि तिथे तो फॉन्ट नसतो. सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करा. मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल. पॉवरपॉइंटमध्ये सेव्हच्या पर्यायांत फाइलमध्ये फॉन्ट समाविष्ट करण्याची सोय आहे, ती चालू ठेवा आणि सोबत पीडीएफची प्रत ठेवा.

पोस्टरची गोष्ट निराळी. फ्लेक्सच्या दुकानात जुने कोरलड्रॉ असते आणि युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की वेलांटी सरकते, रफार उडतो. दुकानात शब्दांची फाइल नेऊच नका, तयार पीडीएफ न्या. छापायला देण्यापूर्वी पडद्यावर चार शब्द मोठे करून पाहा: विद्यार्थी, निष्कर्ष, ख्रिस्ती, शेतकऱ्यांच्या. हे चार नीट असतील तर बाकीचे बहुधा नीटच असतात.

आकारही आधी विचारा. ए-शून्य कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा, आणि फ्लेक्सवाला ३ बाय ४ फुटांत छापतो. दोन्हींचे प्रमाण वेगळे, म्हणून तो चित्र ताणून बसवतो आणि गोल आलेख अंडाकृती होतो. फ्लेक्सच करायचे असेल तर स्लाइडचा आकार सुरुवातीलाच ३६ बाय ४८ इंच ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो छापात आठ इंचांपर्यंत बरा दिसतो, त्यापुढे फुटतो. मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नको आणि चकचकीत फ्लेक्सपेक्षा मॅट बरा, कारण ट्यूबलाइटखाली चकाकीमुळे अर्धे पोस्टर वाचता येत नाही. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप तासाभरात सुटते. सुतळी आणि मोठ्या क्लिपा पिशवीत असू द्या.

त्या दिवशी

जुना प्रोजेक्टर ४:३ प्रमाणाचा आणि व्हीजीए वायरीचा असतो, नव्या लॅपटॉपला व्हीजीए नसते. ॲडॉप्टर आदल्या दिवशी लावून पाहा. पडदा काळाच राहिला तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. पांढऱ्यावर पिवळे आणि निळ्यावर लाल दिवसाउजेडी दिसत नाही. व्हिडिओ स्लाइडच्याच फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर अख्खा कॉपी करा. वीज जाईल हे धरूनच चाला: मुख्य तीन आलेखांच्या छापील प्रती परीक्षकांपुरत्या हाताशी असाव्यात.

गटात तिघे असताना एक बोलतो आणि दोघे खांबासारखे उभे राहतात. परीक्षक मुद्दाम त्या दोघांनाच विचारतात. ज्याने फॉर्म भरून घेतले त्याने पद्धत सांगावी, ज्याने आकडेमोड केली त्याने आलेख. “ते मॅडमना माहीत आहे” हे उत्तर सगळ्यांत महाग पडते. “हे आम्ही तपासलेले नाही” हे चालते, कशामुळे तपासता आले नाही तेही एका वाक्यात सांगितले तर.

उचलेगिरीबद्दल थोडेसे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे, पण मराठीत भाषांतर करून उचललेला मजकूर सॉफ्टवेअर सहसा पकडत नाही. परीक्षक पकडतात, कारण वाक्ये तुमच्या बोलण्यासारखी नसतात. एआयकडून संदर्भयादी करून घेतली असेल तर त्यातले प्रत्येक पुस्तक खरोखर आहे का, हे ग्रंथालयात जाऊन पाहा.

तालमीला आपल्या विषयाच्या नसलेल्या एका शिक्षकांना बसवा आणि त्यांना एकच काम द्या: तीन प्रश्न विचारायचे, कौतुक करायचे नाही. खऱ्या सादरीकरणानंतर आलेले प्रश्न त्याच संध्याकाळी शब्दशः लिहून ठेवा. विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेसाठी पुढे निवड झाली, तर पहिल्या पाचातले दोन तरी प्रश्न तेच असतात.