ओला कचरा: बादलीआधी पाणी काढा

मे महिन्यात हौसेने सुरू केलेली कंपोस्टची बादली जुलैत हमखास बिघडते. कारण एकच: ओलं भरपूर, सुकं नाही. तेव्हा तयारी करायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. काजू-आंब्याचा पाचोळा गोळा करून करकरीत सुकवा, हाताने चुरा आणि पोत्यांत भरा. पोती पडवीत चिऱ्यांवर ठेवा. जमिनीला टेकली की खालून ओल धरतात. चार माणसांच्या घरी पावसाळ्याला चुरलेल्या पाचोळ्याची चारेक पोती लागतात. फ्लॅटमध्ये पाचोळा नसेल तर लाकूडकामाचा भुसा चालतो, मात्र प्लायवुडचा नको. त्यात गोंद असतो.

३०-४० लिटरचे झाकणाचे तीन डबे घ्या. बाजूंना १०-१२ सेंटीमीटर अंतरावर ८ मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला पाच-सहा. भोकांना आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा. तळाशी नारळाचं सोडण (वरचं काथ्याचं साल) हाताने पिंजून चार बोटं थर द्या. हा थर सगळ्यात महत्त्वाचा, कारण तळाशी पाणी साचलं की तिथली हवा संपते आणि मग कुजक्या अंड्याचा वास सुटतो. डबा दोन विटांवर, खाली ताट.

रोजचा कचरा थेट डब्यात टाकू नका. सिंकजवळ चाळण ठेवा, भाजीची देठं, केळीच्या साली तिच्यात रात्रभर निथळू द्या. सकाळी बोटभर तुकडे करून डब्यात टाका आणि एक वाटी कचऱ्यावर एक वाटी पाचोळा घाला. पावसाळ्यात दीड वाटी. पहिल्या दिवशी आंबट ताक नाहीतर मूठभर शेणखत घातलं की काम लवकर सुरू होतं. चार दिवसांनी एकदा काठीने तळापर्यंत ढवळा.

ओल तपासायची तर मूठभर ऐवज घट्ट पिळा. बोटांमधून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाचोळा वाढवा. मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरलं आणि मुंग्या दिसल्या, तर पाणी शिंपडा. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या म्हणून डबा ओतून देऊ नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने खातात. शिजलेलं अन्न, तेलकट हुमण (मासळीची नारळाची आमटी), मासळी मात्र यात नको.

मासळीचं वेगळं. अंगण असेल तर खवले, आतडी, कल्ले माडापासून हातभर दूर, दीड फूट खोल खड्ड्यात पुरा, वर माती दाबा आणि चिरा ठेवा. चिरा विसरलात तर रात्री कुत्री उकरणारच. फ्लॅटवाल्यांनी कागदात गुंडाळून डब्यातून फ्रीझरमध्ये ठेवावं आणि कचऱ्याची गाडी यायच्या सकाळी काढावं.

सुंगटांची (कोळंबीची) डोकी-सालं मात्र पुरण्याआधी वापरा. चमचाभर खोबरेल तेलात लाल होईपर्यंत परता, दोन पेले पाणी घालून २० मिनिटं मंद उकळा आणि गाळा. हे पाणी हुमणात घाला. जास्त उकळलं तर कडसर लागतं. लगेच वापरणार नसाल तर फ्रीझरमध्ये.

नारळाचा रस काढल्यावरचा चोथा उन्हाळ्यात दुपारपर्यंतही टिकत नाही, आंबतो. त्याच सकाळी मंद आचेवर कोरडा भाजा. सुक्या चटणीत तो चालतो. करवंट्या डब्यात टाकू नका, वर्षानुवर्षं तशाच राहतात. न्हाणीच्या चुलीत जातील. फणसाच्या आठळ्या सावलीत सुकवून, लाल मातीत घोळवून ठेवल्या की पावसाळ्यात भाजीला येतात.

गोव्यातल्या साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार होतो, तेव्हा पालिकेच्या किंवा पंचायतीच्या गाडीत जाणाऱ्या ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी नसावी. पिशवी कापून धुवून वाळवा. कोपरा कापलात तर तो तुकडा पिशवीलाच लागलेला राहू द्या. सुटे तुकडे कोणालाच वेचता येत नाहीत.

डबा भरला की झाकून दोन-तीन महिने ठेवा. आतला ऐवज काळा, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचा झाला की तयार. चाळून मिरचीच्या कुंडीत चार भाग मातीला एक भाग घाला. चाळणीवर उरलेलं नव्या डब्यात परत टाका, विरजण म्हणून.