दोन वर्षांच्या पोराला गोष्ट सांगायची तर आधी त्याला कामाला लावा

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडं रोज बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. पण वजन करायला, लस द्यायला आया येतात तेव्हा त्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांची असतात, आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, तुमच्याकडं एवढी पोरं गोष्ट ऐकत बसतात, आमचं हे एकटं पण ऐकत नाही. पहिल्या वाक्यालाच पळतं."

मी म्हणते, पळू दे. या वयाचं लेकरू मांडी घालून गोष्ट ऐकेल ही अपेक्षाच चुकीची. त्याला ऐकायला बसवत बसू नका. गोष्टीतलं एखादं काम त्याच्याकडं द्या. दार वाजवायचं काम, भोपळा ढकलायचं काम, वाघ व्हायचं काम. काम मिळालं की ते आपल्या पायानं गोष्टीत येतं.

सुरुवात चिऊ-काऊपासून करा. तुम्हाला ती येते, तुमच्या सासूबाईंना येते, नव्यानं पाठ करायची गरज नाही. आणि लहान पोरांना ती का आवडते ते जरा बघा. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. घडतं ते एवढंच. पुढं नुसता कावळा दार वाजवतोय आणि आतून चिऊ सांगतेय, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, बाळाचं अंग पुसते. थांब, बाळाला पावडर लावते, तीट लावते, झबलं घालते. आता हे सगळं तुमच्या पोराचं आज सकाळीच झालेलं असतं. त्याला राजा माहीत नाही, जंगल माहीत नाही, पण आंघोळीनंतर काय येतं ते पक्कं माहीत असतं. म्हणून पुढचं वाक्य त्यालाच सांगता येतं.

पहिले दोन-चार दिवस सगळं तुम्हीच बोला. पाटावर बोटांनी टकटक करा आणि म्हणा, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." एकदा ते ओळखीचं झालं की टकटक त्याच्या हातानं करून घ्या. मग एक दिवस "चिऊताई, चिऊताई, दार..." एवढंच म्हणा आणि थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मोठ्या माणसांना हे अजिबात जमत नाही, दुसऱ्या आकड्यालाच तोंडातून "उघड" निसटतं. पोराला मात्र ऐकलेला शब्द आठवून जिभेवर आणायला वेळ लागतो. "उघड"च्या जागी "गड" आलं, नुसता हात हलला, डोळे मोठे झाले, तरी ते उत्तरच आहे. "असं नाही, नीट म्हण" हे वाक्य गोष्टीत आणू नका. तुम्ही खुशीत "हां, उघड!" म्हणा आणि पुढं चला. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, काम झालं.

पुढची पायरी चिऊच्या बाळाची. टॉवेलची गुंडाळी करून त्याच्या मांडीवर द्या. ते झालं चिऊचं बाळ. कंगवा द्या, पावडरचा रिकामा डबा द्या. कावळा आता तुम्ही. तुम्ही दार वाजवायचं, आणि "थांब" म्हणायचा हक्क त्याचा. दिवसभर त्याला सगळे थांब, थांब म्हणत असतात. इथं मोठ्या माणसाला थांबवायला मिळतं, याची पोरांना काय मजा वाटते ती बघाच. आमच्याकडची एक चिऊ तर कावळ्याला आत घेतच नाही. दहा वेळा थांब म्हणते आणि मग टॉवेल घेऊन निघून जाते. गोष्ट तिथंच संपते, आणि संपू द्यावी.

जुन्या गोष्टीत शेवटी कावळ्याला तव्यावर बसवतात, कुठं चुलीवर. शेवट घरोघर वेगळा आहे. माझं मत विचाराल तर तीन वर्षांच्या आत चटका नको. कावळा भिजलाय, त्याला पुसून घ्यायचं, भात द्यायचा, झोपवायचं. पण घरात आजी तव्याचाच शेवट सांगत असतील तर त्यावरून भांडू नका, पोरगं आजीचा शेवट वेगळा आणि आईचा वेगळा हे बरोबर लक्षात ठेवतं.

वयाप्रमाणं काम बदलतं. वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाला गोष्ट अशी नकोच, आवाज पुरे. काव काव, चिव चिव, आणि "काऊ कुठाय?" म्हटल्यावर खिडकीकडं बोट. दीड-दोनला हातापायाचं काम आणि एखादा शब्द. अडीचच्या पुढं आख्खी ओळ त्याची.

ज्याच्या अंगात एका जागी बसणं नाहीच त्याच्यासाठी म्हातारी आणि भोपळा. "लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन" हे तुम्ही म्हणा, कारण ते लांब आहे. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" हे त्याचं. टुणुकला उडी मारायची, किंवा लहान असेल तर मांडीवर घेऊन गुडघे वर करायचे. मला विचाराल तर बाजारातून खरा लाल भोपळाच आणा. रंगीत चेंडू चालतो, पण भोपळ्याला वजन असतं, तो ढकलल्यावर वेडावाकडा गरगरतो, आणि गोष्ट झाल्यावर त्याची भाजी किंवा घारगे होतात. स्वयंपाकघरातून सुरू होऊन ओसरीपर्यंत जा. वाटेत दाराच्या आड कोल्हा, कॉटच्या खाली वाघ. वाघ घरातल्या थोरल्या भावंडाला करा, म्हणजे "मला पण, मला पण" थांबतं.

वाघाला काही पोरं घाबरतात. आवाज बारीक करा, आणि पुढच्या वेळी वाघ त्यालाच करा. डरकाळी स्वतःच्या घशातून निघाली की भीती बरीच कमी होते. तरीही रडलं तर वाघ काढून टाका, कोल्ह्यावर भागतं. आणि ही गोष्ट रात्री झोपताना सांगू नका. टुणुक टुणुक करून उठवलेलं पोर अकरापर्यंत झोपत नाही, मग मला नावं ठेवाल. झोपताना चिऊ-काऊ, तीही हळू आवाजात, टकटक त्याच्या पाठीवर.

उंदराची टोपी अडीचच्या पुढं. त्यात धोबी, शिंपी, राजा अशी माणसं आहेत, लहानाला जड जाते. पण डबा आणि चमचा हातात देऊन "ढुम ढुम ढुमाक" एवढंच काम दिलं तर धाकटंही टिकतं. शेजारी काय म्हणतील याचा विचार करून दुपारची वेळ टाळा.

साहित्य म्हणून विकत काही आणू नका. ओढणी म्हणजे नदी, पाऊस म्हणजे ताटावर बोटं, ढग म्हणजे उशी. फक्त एक सांभाळा. खुळखुळा करायला डब्यात हरभरे, शेंगदाणे, चिंचोके घालता, तेव्हा झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून घट्ट करा. या वयाची पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात आणि शेंगदाणा श्वासनळीत अडकतो. झाकण नीट बसत नसेल तर तो डबा नकोच.

आता पळणाऱ्या पोराचं. ते कॉटखाली जाऊन बसलं तर तुम्ही कॉटशेजारी फरशीवर बसा आणि तिथून कावळा होऊन कॉटवर टकटक करा. लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डी गावाच्या बाजूला हेच मोठ्या प्रमाणावर केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली आणि आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, पानं, शिंपल्यांवर शिकवलं. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगतात तेव्हा सगळ्या माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर पोराला ओढून समोर बसवतात. पोरगं खेळता खेळता पाठमोरं ऐकत असतं, विश्वास ठेवा. तुम्ही एखादी ओळ गाळून बघा, लगेच मान वळते.

ओळ गाळण्यावरून आठवलं. तीच तीच गोष्ट मागतात म्हणून आया कंटाळतात. तुम्ही कंटाळलात की मुद्दाम चूक करा. "कावळ्याचं घर मेणाचं." तोंड अगदी गंभीर ठेवायचं. अडीच वर्षांचं पोर ओरडतं, "शेणाचं!" तुम्ही म्हणा, "अगंबाई, शेणाचं होय? आणि चिमणीचं दगडाचं?" असं पाच मिनिटं चालतं. माझ्याकडची मुलं यावर लोळून हसतात. मात्र गोष्ट पक्की पाठ झाल्यावरच हे करा, त्याआधी केलं तर पोर गोंधळतं. फार दमलेलं असेल तेव्हाही नको, रडं येतं.

प्रश्न विचारायचे, पण परीक्षा नको. "हे काय? ते काय? याचा रंग कुठला?" असं तीनदा विचारलं की पोर पुस्तक मिटतं. त्यापेक्षा ते जे बोलेल त्याला तुम्ही दोन शब्द जोडा. ते म्हणालं "भूभू", तुम्ही म्हणा, "हो, काळा भूभू पळतोय." उद्या त्यातला एक शब्द त्याच्या तोंडून येतो. जवळजवळ तीनचं झालं की "आता कावळा कुठं जाईल?" असं विचारायला हरकत नाही. "मामाकडं" म्हणालं तर कावळ्याला मामाकडं न्या.

पुस्तक असेल तर जाड पानांचं घ्या, आणि पानं त्याला उलटू द्या. उलटं धरेल, चार पानं एकदम टाकेल, हत्तीच्याच पानावर परत परत येईल. छापलेलं सगळं वाचायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही, चित्रावर बोला. नॅशनल बुक ट्रस्टची, ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रांची पुस्तकं परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात. पण त्या फोनवर तुम्ही आधी वाचा, फोन वर फडताळात ठेवा आणि मग तोंडानं सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलेलं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोनच्या पुढं दिवसाला एका तासाच्या वर नको, आणि बसून राहायचंच तर मोठ्या माणसाबरोबर पुस्तक आणि गोष्ट बरी. भरवताना लावलेली यूट्यूबवरची चिऊ पोरासाठी थांबत नाही, पोर काही म्हणो न म्हणो, पुढंच जाते.

आमच्या गावातल्या काही आज्यांची नातवंडं पुण्याला, काहींची थेट अमेरिकेत. त्या व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगतात आणि म्हणतात, बोलतच नाही गं नातू. तिथं आवाज मागं-पुढं होतो. नातू "उघड" म्हणतो तोवर आजी पुढच्या वाक्यावर गेलेली असते. म्हणून कॉलवर पाच नाही, दहा आकडे मोजा. आणि सुनेला किंवा लेकाला तिकडं कामाला लावा. टॉवेलचं बाळ, पाटावरची टकटक त्यांनी तिकडून करायची, आजीनं नुसता कावळा व्हायचं. गोष्ट छोटी ठेवा, चेहरा कॅमेऱ्याच्या जवळ न्या.

वेळेचं फार मनावर घेऊ नका. दोन मिनिटं झाली तरी गोष्ट झाली. भुकेच्या वेळी सांगू नका. आंघोळीनंतर, लाइट गेल्यावर, एसटीची वाट बघताना, आणि हो, आमच्या वजनकाट्यावर बसवताना सुद्धा चिऊ-काऊ फार उपयोगी पडते.

तिनाच्या आसपास पोर स्वतःच सांगायला लागतं. त्यात कावळा एसटीनं कराडला जाईल, वाघ चपाती लाटेल, म्हातारी मध्येच गायब होईल. "अशी नाहीये ती गोष्ट" म्हणू नका. कावळ्यानं तिकीट काढलं का, एवढं विचारा.