पोलीस भरती : जाहिरात यायच्या आधीच ग्राउंड तयार ठेवा (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

जाहिरात आली की बघू म्हणणारी पोरं दरवेळी ग्राउंडलाच, म्हणजे मैदानी चाचणीतच गळतात. फॉर्म भरल्यापासून ग्राउंडची तारीख येईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात दम तयार होत नाही, फक्त नडगी सुजते. हे सगळं शिपाई पदाचं सांगतोय हां, चालक आणि एसआरपीएफचं (राज्य राखीव पोलीस दल) मार्कांचं गणित वेगळं असतं.

सगळ्यात आधी घरी टेप लावा. मुलांना उंची 165 सेमी, छाती न फुगवता 79 आणि फुगवून निदान 5 सेमी जास्त, मुलींना उंची 155. बारावी पास पाहिजे. हे बसत नसेल तर अकॅडमीची फी भरूच नका, फी घेणारा काही तुम्हाला थांबवणार नाही.

आता ग्राउंड. एकूण 50 मार्क, मुलांना 1600 मीटरचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15, मुलींना 1600 च्या जागी 800. 25 ला पास, पण नुसतं पास होऊन काय करणार, लेखीला एका जागेमागे 10 जण बोलावतात ते पण कॅटेगरीप्रमाणे मेरिट लावून, त्यामुळे डोक्यात 40 च्या वरचाच आकडा ठेवा.

1600 ला आउट ऑफ, म्हणजे पूर्ण मार्क पाहिजेत तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 400 चे चार राऊंड प्रत्येकी साधारण 77 सेकंदात. बहुतेक जण पहिला राऊंड जोशात 65 ला मारतात आणि तिसऱ्यात बसतात. म्हणून रोज फुल 1600 मारत बसू नका. आठवड्यातून दोनदा 400 चे पाच-सहा रिपीट 77 च्या आसपास, मध्ये दोन-तीन मिनिटं चालायचं, एक दिवस सावकाश 5-6 किलोमीटर, एक दिवस 100 च्या स्प्रिंट आणि एक दिवस पूर्ण आराम, आराम पण ट्रेनिंगच आहे. पामबीच रोडला गाड्यांच्या बाजूने पळायचा शौक सोडा, शिवाय सिमेंट-डांबरावर रोज पळून गुडघे जातात, मातीचं मैदान शोधा. चढासाठी पारसिक किंवा खारघरची टेकडी आहे. येऊरला अंधारात एकटं जायचं नाही, बिबट्याचं जंगल आहे ते.

गोळा मुलांना 7.26 किलो, मुलींना 4 किलो, आउट ऑफला मुलांना साडेआठ मीटर आणि मुलींना 6 मीटर. पोरं हे 15 मार्क फुकट सोडतात कारण नुसत्या हाताने फेकतात. ताकद पायातून आणि कमरेतून येते, गोळा मानेला टेकलेला ठेवून ढकलायचा, बॉलसारखा फेकायचा नाही. कुणी जुना खेळाडू ओळखीचा असेल तर चार संध्याकाळी त्याच्यामागे लागा, यूट्यूबपेक्षा लवकर जमेल.

2024 ला ग्राउंड जूनमध्ये, ऐन पावसात सुरू झालं होतं, म्हणून चिखलात पण पळून बघा. त्याच भरतीत धावताना कोसळून पोरं दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे एकदा डॉक्टरकडून बीपी आणि ईसीजी करून घ्याच, आणि कुणी ‘स्टॅमिन्याचं इंजेक्शन’ देतो म्हणाला तर तिथून सरळ निघा.

लेखी 100 मार्कांची, 90 मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि जीके-चालू घडामोडी, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला 40 टक्के. भिवंडीच्या गोडाऊनला किंवा महापे-रबाळेला शिफ्ट करणाऱ्यांनी सकाळी ग्राउंड झाल्यावर गणित आणि लोकलमध्ये व्याकरण असं वाटून घ्या, नाईट असेल तर त्या आठवड्यात फक्त हलकं पळायचं, झोप मोडून स्प्रिंट मारली की मांडी धरते.

क्लासला पैसे नसतील तर बार्टी, महाज्योती, सारथी या सरकारी संस्थांच्या भरतीपूर्व ट्रेनिंगच्या योजना असतात, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे, त्यांच्या वेबसाईटवर लक्ष ठेवा.

आणि कागद आत्ताच काढा, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला. नाव सगळीकडे सेम आहे का बघा, दुरुस्तीला महिने जातात. पोलीस केस असेल तर लपवू नका, निवडीनंतर चारित्र्य पडताळणीत निघतेच. एकाच पदासाठी ठाण्यात पण आणि नवी मुंबईत पण असे दोन फॉर्म भरू नका, दोन्ही बाद होऊ शकतात.